निर्वासित कोण, हे कोण ठरवतं? उस्मानाबाद १९४८ आणि टेलर शर्मन यांचा एक लेख

‘निर्वासितांचे कायदेशीर हक्क’ हा विषय पीएचडीसाठी घ्यायचा विचार करत असाल, तर तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य काय असेल याचा अंदाज बांधता येतो. ‘भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही.’ वाक्य खरं आहे. अडचण पुढे येते. बहुतेक जण यानंतर तिबेटी, श्रीलंकेतले तमिळ, चकमा, रोहिंग्या अशी यादी करतात, प्रत्येकावर एकेक प्रकरण लिहितात आणि शेवटी ‘सरकारनं कायदा करावा’ अशी शिफारस करतात. सिनॉप्सिस मंजूरही होतो, पण त्यात संशोधनाचा प्रश्न कुठेच नसतो.

प्रश्न कसा सापडतो, हे दाखवणारा एक लेख आज बघू या. टेलर शर्मन या इतिहासकार बाईंचा हा लेख २०११ साली ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात आला. नाव आहे ‘मायग्रेशन, सिटिझनशिप अँड बिलाँगिंग इन हैदराबाद डेक्कन, १९४६–१९५६’. लेख हैदराबाद संस्थानाबद्दल आहे, म्हणजे आपल्या मराठवाड्याबद्दलही आहे. तो मी धाराशिव जिल्ह्यातून वाचला तर काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढंच इथे सांगायचं आहे. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव झालं. १९४८ च्या संदर्भात मी उस्मानाबादच म्हणेन, कारण कागदावर तेच आहे. आणि तेव्हा लातूरही याच जिल्ह्यात होतं. ते वेगळं झालं १९८२ मध्ये.)

लेख काय म्हणतो

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या. १३ तारखेला सुरू झालेली कारवाई १७ ला संपली. आपण तिला पोलीस ॲक्शन म्हणतो. त्यानंतर भारत सरकारपुढे एक प्रश्न आला. निजामाच्या राज्यात पिढ्यान् पिढ्या अरब होते, पठाण आणि अफगाण होते. कुणी फौजेत, कुणी पहारेकरी, कुणी सावकारीत. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘अरब-रोहिले’ हा जोडशब्द अजून येतो, तो यातूनच. शिवाय १९४६ नंतर आसपासच्या प्रांतांतून आलेले मुसलमानही होते. यांतल्या परदेशी मानल्या गेलेल्या लोकांना कुटुंबांसह ‘मायदेशी’ पाठवावं, असं सरकारला वाटत होतं.

शर्मन यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही पाठवणी राजकीय आणि कायदेशीर अडचणींमुळे बरीचशी फसली. फसल्यामुळे अनेक जण कायद्यानं कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. आणि तरीही ही माणसं नुसती बसून राहिली नाहीत. आपण कोण, हे सांगण्याची पद्धत त्यांनी बदलली आणि त्या जोरावर कधी परकीयांवरचे निर्बंध चुकवले, कधी सवलती मिळवल्या.

लेखाचं बळ कशात आहे

हा लेख व्याख्येपासून सुरू होत नाही, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘निर्वासित म्हणजे कोण, देशविहीन म्हणजे कोण’ हे आधी ठरवून मग माणसं त्या रकान्यात बसवण्याचा खटाटोप शर्मन करत नाहीत. सरकारी कागदावर एखादा माणूस ‘अरब’ म्हणून येतो तेव्हा काय होतं, ‘हैदराबादचा रहिवासी’ म्हणून येतो तेव्हा काय होतं, हे त्या बघतात. त्यामुळे वाचताना लक्षात येतं की देशविहीन होणं ही एका दिवसात घडलेली घटना नव्हती. एक सरकार म्हणतं हा आमचा नाही, दुसरं म्हणतं आमचाही नाही, आणि पत्रव्यवहार चालू राहतो. त्या पत्रव्यवहाराच्या मधोमध माणूस अडकतो.

दुसरी गोष्ट. परदेशी पुनर्वसन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर माणसाला हवं असलेलं काहीतरी येतं: कॅनडा, अमेरिका, नवं आयुष्य. इथे उलटं आहे. पाठवणाऱ्याला पाठवायचं आहे, जाणाऱ्याचं घर इथे आहे आणि घेणाऱ्याला घ्यायचं नाही. हैदराबादच्या अरबांपैकी पुष्कळांचं मूळ येमेनमधल्या हद्रमौत भागात. तो भाग तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता आणि १९४० च्या दशकात त्यानं मोठे दुष्काळ भोगले होते. आता ज्या माणसाची आई मराठवाड्यातली, जन्म इथला आणि आजोबा कधीतरी हद्रमौतहून आलेला, त्याला ‘परत’ पाठवायचं म्हणजे नेमकं कुठे?

लेख कुठे थांबतो

आता टीका. तुम्ही कुठलाही लेख वाचाल तेव्हा ‘मर्यादा’ या सदराखाली ‘नमुना छोटा आहे’ असलं काहीतरी लिहून सुटू नका. लेखाच्याच युक्तिवादाला धरून प्रश्न विचारा. माझे तीन आहेत.

पहिला प्रश्न शब्दाचा. शर्मन या लोकांना ‘नॉन-इंडियन’ म्हणतात. पण सप्टेंबर १९४८ मध्ये कायद्यानं ‘इंडियन’ कोण होतं? राज्यघटनेतली नागरिकत्वाची कलमं, म्हणजे ५ ते ९, लागू झाली २६ नोव्हेंबर १९४९ ला. बाकी बरीचशी घटना २६ जानेवारी १९५० ला. त्याआधी भारताचं नागरिकत्व ही वस्तूच कायद्यात तयार झालेली नव्हती. नागरिक कोण हे ठरायच्या आधीच परका कोण हे ठरवायला सुरुवात झाली होती. लेखाच्या गाभ्याशी जाणारा हा मुद्दा आहे, पण ‘नॉन-इंडियन’ हा शब्द वापरल्यामुळे तो झाकला जातो.

आणि कलम ५ नीट वाचा. घटना लागू होताना ज्याचा कायम अधिवास भारतात आहे आणि जो स्वतः इथे जन्मला, किंवा ज्याचे आई-वडील यांपैकी एक जण इथे जन्मला, किंवा जो आधीची सलग पाच वर्षं इथे राहत होता, तो नागरिक. धर्माची अट नाही, वंशाची नाही. या मोजपट्टीनं पाहिलं तर उस्मानाबादेत जन्मलेला, तिथेच राहणारा आणि तिथेच राहू इच्छिणारा अरब वंशाचा माणूस नागरिक ठरायला काय हरकत होती? हरकत असेल तर ती पुराव्याची. परकीय नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याचं कलम ९ म्हणायचं की आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच. हक्क घटनेत आहे आणि पुरावा माणसाला द्यायचा आहे. गरीब माणसाकडे जन्माचा दाखला नसतो. तुमचा प्रबंध खरा इथे सुरू होऊ शकतो.

दुसरा प्रश्न जागेचा. दिल्ली, हैदराबाद, एडन यांच्यातला सरकारी पत्रव्यवहार हा अशा अभ्यासाचा कणा असतो आणि त्यामुळे जिल्हा मागे पडतो. उस्मानाबादचा कलेक्टर, तहसीलदार, गावचा पाटील यांनी कुणाला काय म्हणून नोंदवलं? माणूस ‘अरब’ झाला तो दिल्लीच्या फायलीत की चावडीवरच्या रजिस्टरात? हे लेखातून कळत नाही.

तिसरा प्रश्न तुलनेचा. लेखाचा हा विषयच नाही, त्यामुळे हा दोष मी लेखाला लावत नाही. पण तुम्ही फक्त हा लेख वाचून थांबलात तर तो तुमचा दोष ठरेल. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात आणखी दोन गट घर सोडून पळत होते.

एकाच जिल्ह्यातली तीन माणसं

पहिला गट रझाकारीतला. १९४७–४८ मध्ये रझाकारांच्या भीतीनं हिंदू कुटुंबं निजामाची हद्द ओलांडून मुंबई प्रांतात, बार्शी-सोलापूरकडे गेली. स्टेट काँग्रेसचे सरहद्दीवरचे कॅम्पही याच पट्ट्यात होते. ही हद्द म्हणजे सरळ रेघ नव्हती. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं नान्नज हे निजामाच्या राज्याचं गाव आणि भोवती मुंबई प्रांत. जुलै १९४८ मध्ये तिथे भारतीय लष्कराच्या तुकडीवर हल्ला झाला आणि ते गाव एकदम बातम्यांत आलं. अशा हद्दीत दोन-चार कोस चाललं की माणूस ‘निर्वासित’ व्हायचा. १७ सप्टेंबरनंतर हद्दच उरली नाही, परत जायला वाट मोकळी झाली. आज मुक्तिसंग्राम दिनाला आपण ज्यांची आठवण काढतो ते हे लोक, आणि ती काढायलाच हवी.

दुसरा गट पोलीस ॲक्शननंतरचा. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून अहवाल दिला. मुसलमानांवरच्या हिंसाचाराची सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणून त्यांनी नावं दिली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत मिळून किमान १८ हजार आणि सगळ्या संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मेली, असा त्यांचा अंदाज. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकात तो छापला गेला.

त्यातली लातूरची नोंद बघा. मुसलमानांची वस्ती दहा हजारांच्या आसपास होती, समितीला दिसले जेमतेम तीन हजार. हजारावर मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. वजाबाकी तुम्हीच करा. साधारण सहा हजार माणसं एका गावातून परागंदा झाली. आकडे अंदाजाचे आहेत, समिती काही जनगणना करत नव्हती. पण अंदाज निम्म्यानं चुकीचा धरला तरी तीन हजार उरतात.

ही माणसं कायद्याच्या कुठल्या रकान्यात बसतात? १९५१ च्या कराराच्या? त्यासाठी देशाबाहेर असावं लागतं. हे लातुरातून हैदराबादला गेले असतील तर संस्थानातच राहिले. भारतीय कायद्यातल्या ‘विस्थापित व्यक्ती’च्या? नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाच्या १९५४ च्या कायद्यात तो शब्द पश्चिम पाकिस्तानातल्या भागांतून आलेल्यांसाठी होता. १९५१ च्या जनगणनेतही विस्थापितांचा वेगळा तक्ता आहे, पण तिथेही अर्थ पाकिस्तानातून आलेले. लातूरहून उठून हैदराबादच्या एखाद्या मोहल्ल्यात गेलेलं कुटुंब त्या तक्त्यात येणारच नाही.

तिसरा गट शर्मन यांच्या लेखातला. घर इथे, नाव ‘परकीय’.

आता तिघांना शेजारी ठेवा. भीती तिघांचीही खरी. नाव कसं पडलं? पहिल्यानं हद्द ओलांडली म्हणून त्याला निर्वासित हे नाव मिळालं. दुसऱ्यानं ओलांडली नाही म्हणून नावच मिळालं नाही. तिसरा जागचा हललासुद्धा नव्हता, पण हद्द बदलली आणि तो परका झाला. माझा मुद्दा एवढाच आहे: निर्वासितपण माणसानं काय गमावलं यावरून ठरत नाही, राज्य त्या वेळी कुठली रेघ महत्त्वाची मानतं यावरून ठरतं. हे पटत असेल तर तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण ‘निर्वासित : व्याख्या’ असं असू शकत नाही. ‘रकाने कुणी आखले’ असं असेल.

एक विसंगती जाता जाता. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. तुरुंगातून १९५७ मध्ये सुटला, पाकिस्तानात गेला, तिथे आसरा मिळाला, १९७० मध्ये कराचीत वारला. त्याच्या गावातल्या ज्या हजारोंनी त्याच्या राजकारणाची किंमत मोजली, त्यांना ना आसऱ्याचा कागद मिळाला ना भरपाईचा.

आजच्या कायद्याशी याचा संबंध काय

थेट आहे. १९५५ मध्ये हान्स म्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे. १९९६ मध्ये चकमांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की कलम २१ नं दिलेलं जीविताचं संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे आणि राज्यानं ते दिलं पाहिजे. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या, म्हणजे सलीमुल्ला खटल्यातल्या आदेशात दोन्ही धागे एकत्र आले: कलम १४ आणि २१ सर्वांना आहेत, पण देशातून न काढलं जाण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे, आणि तो फक्त नागरिकाचा. म्हणजे जगायचा हक्क आहे, पण इथे राहून जगायचा हक्क आहे की नाही, हे पुन्हा ‘नागरिक कोण’ या एका प्रश्नावर येऊन थांबतं. १९५७ च्या दुरुस्तीपासून ‘नागरिक नाही तो परकीय’ अशी सरळ विभागणी कायद्यात आली. १९४६ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्यानं घेतली तरी ती विभागणी तशीच आहे. मधे ‘निर्वासित’ नावाचा तिसरा रकाना नाही.

परदेशी पुनर्वसनाचंही तेच. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित यंत्रणा एखाद्याचं नाव तिसऱ्या देशाकडे पाठवू शकते. घ्यायचं की नाही, हे तो देश ठरवतो. जगभरातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्काही लोकांना ही संधी मिळत नाही. पुनर्वसन हा हक्क नाही, ती यजमान देशाची मर्जी आहे. धाराशिव-लातूरच्या विद्यार्थ्यांनी इथे जरा जपून राहावं, कारण आपल्याकडे ‘पुनर्वसन’ म्हटलं की १९९३ च्या भूकंपानंतरचं नवं गावठाण आठवतं. तिथे आपलंच सरकार होतं, त्याच्या दारात जाऊन भांडता येत होतं. तिसऱ्या देशाच्या दारात निर्वासितानं भांडायचं कुठल्या कायद्यानं? शब्द एक, कायद्यातली वस्तू वेगळी. प्रबंधात हा फरक पहिल्यांदा शब्द येईल तिथेच स्पष्ट करा.

हा विषय घेणार असाल तर

काही ठोस गोष्टी.

एक, भाषा. त्या काळचे हैदराबादचे कागद उर्दूत आहेत, तारखा फसली सनात आहेत. इंग्रजी फायलींवर विसंबलात तर तुम्ही पुन्हा दिल्लीच्याच खुर्चीतून जिल्हा बघाल. सहा महिने उर्दू वाचायला शिकण्यात गेले तरी चालतील.

दोन, जमिनीचे कागद. माणूस पळाला की जमीन पळत नाही. १९४८ च्या आधी कब्जेदार कोण आणि १९५४-५५ च्या खासरा पाहणीत कोण, हे एकाच गावासाठी शेजारी ठेवून बघा. एका गावाचं एवढं काम नीट झालं तरी ते शंभर पानांच्या सैद्धांतिक चौकटीपेक्षा जास्त सांगेल. मात्र नाव बदललं म्हणजे जमीन बळकावली, असा निष्कर्ष लगेच काढू नका. त्याच वर्षांत कूळ कायदा आला, जहागिरी गेल्या. कारणं वेगळी काढणं, हेच तुमचं काम.

तीन, शब्द. मुलाखत घेताना ‘तुम्ही निर्वासित होता का’ असं विचारू नका. ‘ॲक्शनच्या वेळी घरचे कुठं गेले होते’ असं विचारा. माणसं कुठला शब्द स्वतःहून वापरतात तो टिपून घ्या. ‘परागंदा’ हा मराठी शब्द मला या बाबतीत फार नेमका वाटतो. तो हद्द विचारत नाही, फक्त माणूस विखुरला एवढंच सांगतो. कुठल्याही कायद्यात तो नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. समजा एखाद्या तालुक्यात तुम्हाला अरब वंशाची कुटुंबं सापडली आणि त्यांनी विश्वासानं सांगितलं की पणजोबा हद्रमौतहून आले. इतिहासाच्या दृष्टीनं ही सोन्यासारखी नोंद. पण आज कागदावरून माणूस परका ठरवण्याची चर्चा गावोगाव आहे, आणि पुराव्याचा भार अजून माणसावरच आहे. तुम्ही गावाच्या आणि आडनावाच्या उल्लेखासह ते छापलंत तर १९४८ मध्ये एखाद्या कारकुनानं केलं तेच काम तुम्ही करून ठेवलेलं असेल, तेही पदवीसाठी. नावं बदला असं नुसतं म्हणून भागत नाही. छोट्या गावात एकच अरब घर असतं. गाव, तालुका, पिढ्यांची संख्या, सगळंच झाकावं लागेल. कधी कधी मिळालेली उत्तम माहिती प्रबंधात न घालण्याचा निर्णय घ्यावा लागेल. तुमच्या गाइडशी हे मुलाखतींच्या आधी बोला, नंतर नव्हे.

शर्मन यांचा लेख मिळवा आणि दोनदा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक पानाच्या समासात लिहा: या माणसाला हे नाव कुणी दिलं, कधी दिलं, आणि ते नाव नाकारायला त्याच्याकडे कुठला कागद होता? याची उत्तरं लेखात जिथे सापडणार नाहीत, त्या जागांची यादी करा. सिनॉप्सिस त्या यादीतून लिहायला घ्या.